सुरक्षिततेचा उतारा कसा काढायचा?



वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल हाती पडला की आपण आधी कोणते पान उघडता, हे आम्हांस ठाऊक आहे. गाळप किती झाले, उतारा किती पडला, दर किती निघणार. यात गैर काहीच नाही. पिकवणाऱ्याने दाम विचारावा हे रास्तच आहे. परंतु त्याच अहवालात मागच्या बाजूला कोठेतरी ‘सुरक्षितता’ या मथळ्याखाली दोन-तीन ओळी असतात. हंगाम सुरळीत पार पडला, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा झाला, कामगारांनी शपथ घेतली. बहुतेक कारखान्यांच्या अहवालांत या ओळी दरसाल त्याच असतात, फक्त साल बदलते. त्यावर कोणी उठून प्रश्न विचारल्याचे क्वचितच ऐकू येते. हा अभ्यासलेख त्या दोन-तीन ओळींविषयी आहे.

कारखाना सभासदांच्या मालकीचा, असे आपण छाती पुढे काढून सांगतो. मग गव्हाणीवर रात्रीच्या पाळीला उभ्या असलेल्या माणसाचे बरेवाईट हाही मालकाच्याच खात्यावरचा विषय झाला. शिवाय तो माणूस पुष्कळदा आपल्याच भावकीतला असतो. कोणाचा पुतण्या, कोणाचा जावई.

हल्ली ‘सुरक्षा संस्कृती’ असा शब्द वापरतात. हा शब्द रूढ झाला तो १९८६ साली सोव्हिएत राजवटीतील चेर्नोबिल येथील अणुवीज केंद्राच्या स्फोटानंतर. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी त्या स्फोटाची कारणे तपासली, तेव्हा यंत्राच्या दोषाबरोबर माणसांच्या वागण्याची, सवयींची आणि वरच्यांनी खालच्यांना दिलेल्या वळणाची बाजू पुढे आली. शब्द भारदस्त आहे, पण अर्थ साधा. साहेब गेटवर नसताना, पहाटे तीन वाजता, फिटर काय करतो? पट्टा बंद करून हात घालतो की चालू पट्ट्यात घालतो? तो जे करतो ती त्या कारखान्याची सुरक्षा संस्कृती. भिंतीवरचा फलक नव्हे.

आता गव्हाणीवरच चला. ऊस आडवा अडकला, मोळी फसली, चेन ओढ घेईना. खाली गाडीतळावर बैलगाड्यांची रांग, मागे ट्रॅक्टर-ट्रॉल्या. ज्याचा नंबर आलाय तो सभासद हाक मारतोय, “अरे, कधी चालू होणार? दोन दिस झालं तोडून, वाळून चाललाय ऊस!” शिफ्ट इंजिनिअरला वरून फोन, गाळप का पडले? अशा वेळी एक तरणाबांड पोरगा टिकाव घेऊन कठड्यावरून आत उडी मारतो. चेन बंद करून, स्वीच काढून, कुलूप लावून मग उतरायचे तर दहा-पंधरा मिनिटे जातात. न थांबता उतरले तर दोन मिनिटांत काम. शंभरापैकी नव्व्याण्णव वेळा तो सुखरूप वर येतो, आणि खालून शाबासकी मिळते. ती शाबासकी आम्हांला त्या उडीपेक्षा धोक्याची वाटते, कारण पुढच्या वेळी उडी मारणारे दोन होतात.

हुबेहूब असाच प्रसंग अमेरिकेतील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीच्या ॲरिझोनातील कारखान्यात घडला होता. या कंपनीची सूत्रे १९८७ मध्ये पॉल ओनील यांच्याकडे आली. भागधारकांसमोरच्या पहिल्याच भाषणात त्यांनी नफा-तोट्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेचा विषय काढला, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी काहींना हा माणूस कंपनी बुडवणार असे वाटले. त्यानंतर काही महिन्यांतच ॲरिझोनातला अपघात झाला. यंत्रात तुकडा अडकून ते थांबले होते. एका तरुण कामगाराने संरक्षक कठड्यावरून उडी मारून तुकडा काढला. तुकडा निघताच यंत्र आपोआप चालू झाले आणि त्याची दांडी त्या पोराच्या डोक्यात बसली. दोन पर्यवेक्षक पाहत होते, त्यांनी त्याला अडवले नव्हते. दोष मेलेल्या माणसावर टाकणे सगळ्यांत सोपे असते, नियम तर त्यानेच मोडला होता. ओनील यांनी सर्व वरिष्ठांना एकत्र बसवून सांगितले की याला आपण मारले आहे, मी आणि तुम्ही मिळून. पुढे दंडक असा घातला की कोठेही कामगार जखमी झाला तर चोवीस तासांत त्या विभागाच्या प्रमुखाने स्वतः कळवायचे, आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय करणार तेही सोबत सांगायचे. त्या कंपनीत दर १०० कामगारांमागे वर्षाला कामाचा खाडा पडेल अशा दुखापतींचे प्रमाण १.८६ होते, ते त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटी, २००० साली, ०.२ वर आले. कंपनी बुडाली तर नाहीच, नफा वाढत गेला.

येथे मोजमापाचा प्रश्न येतो, आणि लेखाचा खरा गाभा तो आहे.

अपघाताचे प्रमाण काढण्याची रीत भारतीय मानक क्रमांक ३७८६ मध्ये दिली आहे. समजा एका कारखान्यात ८०० माणसे १५० दिवस रोज आठ तास काम करतात. मनुष्यतास झाले ९,६०,०००. दुसऱ्या पाळीला कामावर येता आले नाही अशा दुखापती समजा ६ झाल्या. सहाला दहा लाखांनी गुणायचे आणि मनुष्यतासांनी भागायचे. उत्तर ६.२५. याला वारंवारितेचा दर म्हणतात. दुसरा दर गंभीरतेचा. त्यात दुखापतींऐवजी वाया गेलेले दिवस घेतात. त्या सहा जणांचे मिळून ९० दिवस गेले असतील तर दर साधारण ९४ येतो. त्यातच एक मृत्यू झाला तर मानकाप्रमाणे त्याचे ६,००० दिवस धरतात आणि दर एकदम ६,३०० च्या वर जातो. माणसाच्या जिवाचे सहा हजार दिवस हा निव्वळ हिशेबाचा संकेत आहे. त्याच्या घरी तो कसा लागू करायचा, हे कोणत्याच मानकात नाही.

हे दर मागितलेच पाहिजेत. मात्र ते मागताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, माणसे सगळी धरली आहेत का? कायम आणि हंगामी कामगार धरले. पण बगॅस ओढणारे, गोदामात पोती लावणारे हमाल, बंद हंगामात ओव्हरहॉलिंगला आलेले कंत्राटी वेल्डर हे सोडून दिले, तर आकडा गोंडस दिसतो. जोखमीची कामे तर बहुतेक त्यांच्याच वाट्याला असतात. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. हा आकडा अपघात घडून गेल्यावरचा आहे. पोती भरून झाल्यावर मोजल्यासारखा. आपण शेतात तोडीची तारीख ठरवताना पोती भरण्याची वाट बघतो का? हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स पाहतो, ऊस पक्व आहे की नाही ते आधी कळते. सुरक्षिततेलाही असा आधी सांगणारा काटा लागतो.

तो नसला म्हणजे काय होते ते अमेरिकेत टेक्सास सिटी येथे बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात दिसले. २३ मार्च २००५ रोजी तेथे स्फोट होऊन १५ माणसे मेली, सुमारे १८० जखमी झाली. चौकशीसाठी नेमलेल्या बेकर समितीने जानेवारी २००७ मध्ये अहवाल दिला. त्यात दाखवून दिले की कंपनी घसरणे, पडणे, कापणे अशा वैयक्तिक दुखापतींचा घटता आकडा पाहून समाधानी राहिली, आणि तो आकडा म्हणजेच सगळी सुरक्षितता असे समजून बसली. बोटे कापण्याचे प्रमाण कमी झाले म्हणून मोठ्या भांड्यांची, नळांची, दाबाची तब्येत चांगली आहे असे होत नाही. आपल्याकडे बॉयलर आहेत, डिस्टिलरी असेल तेथे अल्कोहोल आहे. एका पाळीत सर्वांनी शिरस्त्राणे घातली याचा बॉयलरच्या पाणीपातळीशी काय संबंध?

साखरेच्याच धंद्यातले उदाहरण हवे असेल तर तेही आहे, आणि ते प्रत्येक सभासदाने माहीत करून घ्यावे असे आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सव्हाना शहराजवळ पोर्ट वेंटवर्थ येथे इम्पिरियल शुगर कंपनीची रिफायनरी होती. ७ फेब्रुवारी २००८ रोजी संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास तेथे साखरेच्या धुळीचा स्फोट झाला. होय, साखरेच्या धुळीचा. खडीसाखर काडी लावून पेटत नाही, म्हणून आपल्याला हे खरे वाटत नाही. पण तीच साखर पिठासारखी बारीक होऊन हवेत दाट पसरली आणि ठिणगी मिळाली की ती बारुदीसारखी उडते. १४ माणसे मेली, ३६ जखमी झाली.

सरकारी रासायनिक सुरक्षा मंडळाने २००९ साली या दुर्घटनेचा अहवाल दिला. उंच सायलोंच्या खालच्या बोगद्यातून साखर वाहून नेणारा एक पट्टा होता. २००७ साली, वरून घाण पडून साखर खराब होऊ नये या चांगल्या हेतूने, त्या पट्ट्याला पोलादी पत्र्यांनी चारी बाजूंनी झाकले. धूळ खेचून घेण्याची सोय मात्र आत केली नाही. पूर्वी मोकळ्या बोगद्यात विरून जाणारी धूळ आता पेटीत कोंडली. बहुधा एखादी तापलेली बेअरिंग तिला पुरली. खरा संहार त्या पहिल्या धक्क्याने केला नाही. त्या धक्क्याने इमारतीत तुळयांवर, फरशीवर, यंत्रांवर साठलेली साखरेची धूळ हवेत उडाली आणि एकामागून एक स्फोट मजल्यामजल्यांतून धावत गेले. नुसता झाडू वेळेवर फिरला असता तर आग त्या बोगद्यापलीकडे इतकी गेली नसती. जाणकार सांगतात की पुष्कळ जागेवर पाऊण-एक मिलिमीटर थर दिसला तरी धोका समजावा. कागदाला लावायच्या टाचणीची तार जेमतेम तेवढी जाड असते.

पण आम्हांला सर्वांत अधिक टोचते ती पुढची गोष्ट. साखरेची धूळ धोक्याची आहे, हे त्या धंद्यात कित्येक वर्षांपासून माहीत होते. तेथे बारीकसारीक आगी पूर्वीही लागत, विझवल्या जात, काम पुन्हा सुरू होई. इतकेच काय, मोठ्या स्फोटाच्या दहाच दिवस आधी एका धूळ-संकलक यंत्रात छोटा स्फोट होऊन दाब झडपेवाटे सुखरूप बाहेर निघून गेला होता. कोणाला इजा झाली नाही. अपघातांच्या नोंदवहीत असा प्रसंग शून्य धरला जातो. कारखान्याने पाठवलेला सांगावाच होता तो, आणि वाचणारे कोणी नव्हते.

आपल्या बोलीत याला ‘थोडक्यात निभावलं’ म्हणतात. देवाला नारळ फोडायचा आणि विसरून जायचे. आधी सांगणारा काटा म्हणतो तो नेमका हा आहे. निभावलेल्या प्रसंगांची नोंदवही. क्रेनची साखळी तुटली पण खाली कोणी नव्हते. सेंट्रिफ्युगलचे झाकण उघडे असताना मशीन फिरले. बगॅसच्या ढिगातून धूर निघाला, पाण्याने विझवला. हे लिहून ठेवायचे. ज्या खात्यातून महिनोन् महिने एकही नोंद येत नाही, ते खाते सर्वांत सुरक्षित असे समजू नये. तेथे माणसे बोलायला भितात असे समजावे. नोंदी वाढल्या तर ते पहिल्या वर्षी चांगले लक्षण आहे. हे सभासदांना उलटे वाटेल, पण आजारी जनावर ओरडते तोवर बरे, गप्प झाले की वैद्याला बोलवायची वेळ गेली.

नोंदवही ठेवली आणि लिहिणाऱ्यालाच मेमो दिला तर ती दुसऱ्या दिवशी बंद पडते. म्हणून नोंदींच्या संख्येपेक्षाही मोलाचा आकडा म्हणजे लिहिलेल्यांपैकी किती दुरुस्त झाल्या आणि किती दिवसांत. फिटरने लिहिले की जिन्याची पायरी गंजली आहे, आणि पुढच्या आठवड्यात नवी पायरी बसलेली दिसली, तर तो पुन्हा लिहील. त्याच्याबरोबरचे चार जण लिहितील. आणि ‘शून्य अपघात’ म्हणून पाळीला बक्षीस लावण्याची जी टूम काही ठिकाणी निघते, ती आम्हांस मुळीच पसंत नाही. बक्षिसाचे भांडे वाटपाआधी फुटू नये म्हणून बोट ठेचलेला माणूस रुमाल बांधून घरी जातो आणि पडला म्हणून सांगतो.

टाक्यांचा विषय येथे टाळून चालणार नाही. मळीची टाकी, रसाचा हौद, सांडपाण्याचे कुंड. आंबलेल्या द्रव्यातून वायू निघतो, प्राणवायू हटतो, आणि आत उतरलेला माणूस हाक न मारता कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने १९८६ साली सांगितले होते की अशा बंदिस्त जागांतल्या मृतांत ६० टक्क्यांहून अधिक वाचवायला गेलेले असतात. धैर्य कमी पडत नाही, पद्धत कमी पडते. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो; मापकावर १९.५ च्या खाली काटा गेला तर उतरायचे नाही. वारा सोडणारा पंखा, लेखी परवाना, कमरेला दोर, आणि दोर धरून बाहेर उभा असलेला माणूस, ज्याने काहीही झाले तरी आत जायचे नाही. असे किती परवाने दिले आणि त्यांपैकी अचानक तपासणीत किती नीट भरलेले निघाले, हाही मोजायचा आकडा आहे. कुलपांचे तसेच. यंत्रात हात घालणाऱ्या प्रत्येकाने स्वीचला स्वतःचे कुलूप लावायचे, किल्ली स्वतःच्या खिशात. तपासणीत दहापैकी किती ठिकाणी कुलूप सापडले?

एवढे सगळे कारखान्याच्या भिंतीच्या आत झाले. भिंतीबाहेर मात्र मालक आणि जबाबदार एकच, म्हणजे आपण. रात्री रस्त्यावरून उसाची ट्रॉली जाते, मागे दिवा नाही, लाल रिफ्लेक्टर असलाच तर वाढ्याखाली झाकलेला. जोडीला टेपवर गाणे इतके मोठे की मागच्याचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू येऊ नये. ट्रॉली पंक्चर झाली की चारी बाजूंनी दगड मांडायचे आणि निघताना दगड तेथेच सोडायचे. त्यावर रात्री मोटारसायकलवाला आदळतो. हा अपघात कोणाच्याच नोंदवहीत येत नाही, कारखान्याच्या नाही आणि आपल्याही नाही. गेटवर वजनकाट्याआधी रिफ्लेक्टर आणि मागचा दिवा पाहिला जावा, नसेल तर नंबर मागे जावा, असा नियम केला तर आपल्यातले किती जण तो मान्य करतील? आपला नंबर मागे गेल्यावर चिठ्ठीवाल्याशी भांडणार नाही, एवढे जरी ठरले तरी गव्हाणीवरच्या पोराला उडी मारू नकोस म्हणण्याचा आपल्याला थोडा हक्क पोहोचतो.

सभासदाच्या प्रश्नाने काय होते याचा एक दाखला देतो. त्याच अल्कोआ कंपनीची १९९६ सालची वार्षिक सभा. ओनील यांच्या सुरक्षिततेची तोवर वाहवा झालेली. सभेत भागधारकांतर्फे एक ख्रिस्ती जोगीण उठली आणि म्हणाली की तुमच्या मेक्सिकोतील कारखान्यात कामगारांना विषारी धुराची बाधा होते. अध्यक्षांनी आपल्याकडची आकडेवारी पाहिली. सारे ठाकठीक दिसत होते. तरीही त्यांनी माणसे पाठवून चौकशी केली. तेव्हा उघड झाले की वायूची बाधा खरोखर झाली होती, तेथील व्यवस्थापनाने उपायही केला होता, पण वर कळवलेच नव्हते. त्या विभागाच्या प्रमुखाला, तो कंपनीतील मोठा कर्तबगार अधिकारी असूनही, जावे लागले. बाधा झाली म्हणून नव्हे, ती दडवली म्हणून. सगळे दर उत्तम असलेल्या कंपनीतही खरी बातमी एका भागधारकाच्या प्रश्नातून बाहेर आली.

तेव्हा येत्या सभेत दराचा प्रश्न जरूर विचारा, आणि त्याच्या पाठोपाठ हे विचारा. कंत्राटी माणसे धरून वारंवारितेचा आणि गंभीरतेचा दर किती, गळीत हंगामाचा वेगळा आणि बंद हंगामाचा वेगळा? निभावलेल्या प्रसंगांच्या नोंदी किती आल्या, कोणत्या खात्यातून एकही आली नाही, आणि किती दुरुस्त्या अजून बाकी आहेत? साखर गोदाम, ग्रेडर आणि हॉपरजवळची धूळ शेवटची कधी काढली, आणि ती पाहायला कोण गेले होते? सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी बसतात का, आणि तिच्या बैठकीचे वृत्त संचालक मंडळापुढे येते का? आकडे अहवालात तीन हंगामांचे शेजारी शेजारी छापलेले असावेत, उताऱ्याच्या तक्त्याला लागूनच, म्हणजे पान उलटावे लागणार नाही.